न फाटणाऱ्या विजारीचा व्यापार

आपला माल वर्षानुवर्षे टिकतो, असे एखादा व्यापारी सांगू लागला की ऐकणाऱ्याला बरे वाटते. परंतु जरा विचार केला तर हे म्हणणे खुद्द व्यापाऱ्यालाच अडचणीचे आहे. साबण विरघळतो, काडेपेटी संपते, चहाची पुडी रिकामी होते आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते. पण जी विजार फाटतच नाही, ती विकणाऱ्याने दुसरी विजार कोणाला विकावी? श्रमिकांसाठी टिकाऊ कपडे बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीपुढे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा असतो. अमेरिकेतील ‘लेव्ही स्ट्रॉस आणि कंपनी’ने तो कसा सोडविला आणि सोडविता सोडविता त्या विजारीचे काय झाले, याची हकीगत मोठी उद्बोधक आहे. तीच येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

रीनोचा शिंपी

लेव्ही स्ट्रॉस हा मूळचा जर्मनीतील बव्हेरियाचा. १८२९ साली बुटेनहाइम या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. १८४७ मध्ये तो आई आणि बहिणींसह न्यूयॉर्कला आला. तेथे त्याच्या सावत्र भावांची कापडाची पेढी होती. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरची माणसे तिकडे धावली. १८५३ साली लेव्हीही सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पण तो सोने खणावयास गेला नाही. तो घाऊक कापडव्यापारी म्हणून गेला. कापड, कपडे, रुमाल असा माल भावांकडून मागवावा आणि पश्चिमेकडील लहान गावांतील दुकानदारांना पुरवावा, असा त्याचा वीस वर्षांचा व्यवसाय होता.

लेव्हीने तंबूच्या कापडाच्या विजारी शिवून खाणकामगारांना विकल्या, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला आधार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपात आणि आगीत कंपनीचे जुने दप्तर जळून गेले, आणि रिकाम्या जागेत दंतकथा उगवली. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती एका शिंप्याची आहे.

नेव्हाडा राज्यातील रीनो या रेल्वेच्या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. हाही परदेशातूनच आलेला. त्याचा जन्म रीगा शहरी झाला होता. तंबू, गाड्यांवरची आच्छादने, घोड्यांच्या झुली असे जाडेभरडे काम तो करीत असे. १८७० च्या अखेरीस एक बाई त्याच्याकडे आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता. त्याच्या विजारी टिकत नव्हत्या. म्हणून एक मजबूत विजार शिवून द्यावी, अशी तिची विनंती होती. डेव्हिसने तीन डॉलर घेतले आणि पांढऱ्या डक कापडाची विजार शिवली. डक म्हणजे साध्या विणीचे, घट्ट आणि जाड सुती कापड.

विजार प्रथम कोठे फाटते, हे शिंप्याला कोणी सांगावे लागत नाही. खिशाच्या तोंडाचे कोपरे आधी उसवतात. मजूर खिशात अवजारे, खिळे, दगडाचे नमुने असे काय वाटेल ते कोंबतो आणि त्या सगळ्याचा ताण त्या दोन कोपऱ्यांवर येतो. झुलींना पट्टे बसविण्यासाठी आणलेली तांब्याची रिव्हेटे डेव्हिसच्या हाताशी पडलेली होती. कापडातून आरपार घालून दोन्ही बाजूंनी चेपून बसविलेला छोटा खिळा म्हणजे रिव्हेट. ती त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. सारा शोध एवढाच! पण विजार टिकली. एकाने दुसऱ्याला सांगितले आणि दीड वर्षात सुमारे दोनशे विजारी खपल्या. या विजारींची पहिली जाहिरात वर्तमानपत्रात आली नाही. ती लाकूडतोड्याच्या अंगावर चालत गावभर फिरली.

आता डेव्हिसला भीती वाटू लागली. रिव्हेट कोणालाही ठोकता येते. उद्या शेजारचा शिंपीही हेच करील. पेटंट घ्यावे तर अठ्ठ्याहत्तर नव्हे, अडुसष्ट डॉलर खर्च होता. पण तोही त्या शिंप्याला जड होता. म्हणून १८७२ मध्ये, ज्याच्याकडून तो कापड घेत असे त्या लेव्ही स्ट्रॉसला त्याने पत्र लिहिले आणि पेटंटात भागीदारी देऊ केली. लेव्हीने हे पाणी ओळखले. पेटंट कचेरीने अर्ज आधी नाकारला. दुरुस्त्या करून तो पुन्हा धाडावा लागला. अखेर २० मे १८७३ रोजी खिशांची तोंडे पक्की करण्याच्या सुधारणेबद्दल १३९१२१ क्रमांकाचे पेटंट दोघांच्या हाती पडले. डेव्हिस त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला येऊन उत्पादनावर देखरेख करू लागला.

या भागीदारीत कंपनीच्या वाढीचे पहिले रहस्य दडले आहे. डेव्हिसजवळ कल्पना होती. परंतु भांडवल, पत आणि दुकानदारांचे जाळे यांपैकी काहीच नव्हते. लेव्हीजवळ हे सारे होते, फक्त स्वतःचा असा माल नव्हता. दुसऱ्याचा माल विकणारा व्यापारी आणि गिऱ्हाइकाचे दुखणे जाणणारा कारागीर एकत्र आले, तेव्हाच कारखाना उभा राहिला.

कापड आणि टीप

नुसत्या रिव्हेटाने विजार टिकत नाही. कंपनीने डकबरोबर डेनिम हे निळे कापडही घेतले. सुरुवातीला ते न्यू हॅम्पशर राज्यातील अमॉस्केग गिरणीतून येई. पुढे १९१५ पासून उत्तर कॅरोलिनातील कोन गिरण्यांमधून येऊ लागले. डेनिमची वीण तिरकस असते. आडवा धागा उभ्या तीन धाग्यांखालून आणि एकावरून जातो, म्हणून दर्शनी बाजूस उभे धागेच अधिक दिसतात. हे उभे धागे निळीत रंगविलेले आणि आडवे पांढरे असतात. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरावरच बसतो, गाभा पांढराच राहतो. त्यामुळे कापड जसजसे घासते तसतसा निळा थर झिजतो, आणि गुडघे, मांड्या, खिशांच्या कडा अशा ठिकाणी पांढुरके पट्टे उमटतात. डक कापड ताठच्या ताठ राहते. डेनिम मात्र धुण्यागणिक मऊ होत जाते. मजुरांनी स्वाभाविकपणे डेनिमला कौल दिला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीच्या विजारींतून डक मागे पडले.

या ठिकाणी आपल्या मुंबईची आठवण होते. जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ असा एक जुना शब्द आहे. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात तो आढळतो आणि त्याचे मूळ मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाशी नेऊन भिडविले जाते. शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे यांसाठी हे कापड वापरीत. पुढे तो शब्द कापडावरून कपड्यावर गेला, आणि तेथून फिरून आपल्या कारखान्यांत ‘डांगरी’ होऊन परतला. डेनिम हा शब्द फ्रान्सच्या नीम शहरावरून आणि जीन हा इटलीच्या जिनोआवरून आला, असे मानतात. मजुराच्या कापडाला बंदरांची आणि विणकरांच्या गावांची नावे मिळावीत, हे योग्यच झाले.

खात्रीची खूण

माल चांगला आहे एवढ्याने भागत नाही. तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाला विकत घेण्यापूर्वी पटले पाहिजे. साखर चाखून घेता येते, परंतु विजार पाच वर्षे टिकेल की नाही हे दुकानात उभे राहून कसे कळावे? टिकाऊपणा हा डोळ्यांना न दिसणारा गुण आहे. त्याला दिसणारे रूप देणे, हेच या व्यापाराचे मर्म होय.

तांब्याची रिव्हेटे हीच पहिली दिसणारी खूण होती. मागील खिशावरची नारिंगी धाग्याची दुहेरी कमान ही दुसरी. १८८६ मध्ये कमरपट्टीवर चामड्याचा एक तुकडा आला. त्यावर एक चित्र होते: दोन घोडे विरुद्ध दिशांना एक विजार खेचीत आहेत आणि विजार काही फाटत नाही. त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम भागात नाना देशांची माणसे होती. कित्येकांना इंग्रजी येत नसे, कित्येकांना वाचताच येत नसे. अशा माणसाने दुकानात जाऊन ‘ती दोन घोड्यांची विजार द्या’ एवढे म्हटले की काम होई. १९२८ साली ‘लेव्हाइज’ हे नाव नोंदविले जाईपर्यंत मालाची ओळख दोन घोड्यांचा छाप अशीच होती. आपल्याकडे बिड्यांच्या आणि काडेपेट्यांच्या छापांनी जे काम केले, तेच हे काम.

पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १८९० च्या सुमारास संपली आणि रिव्हेट सर्वांना मोकळी झाली. आता कोणताही कारखानदार तशीच विजार करू शकत होता. नेमक्या याच सुमारास कंपनीने आपल्या विजारीला ५०१ हा क्रमांक दिला आणि शिवण उसवल्यास नवी विजार फुकट देण्याची हमी देणारी चिठ्ठी खिशाला लावली. कायद्याचे कवच गळून पडले, तेव्हा कंपनीने विश्वासाचे कवच चढविले. १९३६ मध्ये मागील खिशाच्या शिवणीत लाल फितीचा एक लहानसा तुकडा आला, तो एवढ्यासाठी की विजार घातलेला माणूस दुरून जात असला तरी ओळखू यावा.

तथापि खूण नेहमी गुणाचीच असते असे नाही. १८८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध मोठा द्वेष पसरला होता. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घालणारा कायदाच झाला. त्या काळात आपला माल गोऱ्या मजुरांनीच बनविलेला आहे, अशी जाहिरात ही कंपनी करीत होती. पुढे ते बंद झाले. परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास मिळविण्यासाठी त्याच्या पूर्वग्रहालाही माल म्हणून वापरता येते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गिऱ्हाईक वाढवावे कसे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विजार टिकते, मग खप वाढावा कसा? याला दोन उत्तरे निघाली. त्याच गिऱ्हाइकाला वेगळा कपडा विकावा, किंवा तोच कपडा वेगळ्या गिऱ्हाइकाला विकावा.

पहिला मार्ग कंपनीने १९१२ मध्ये धरला. ‘कव्हरऑल्स’ या नावाचा लहान मुलांचा अखंड पोशाख तिने काढला, आणि देशभर विकला जाणारा तिचा तो पहिला माल ठरला. मूल हे तर कापडव्यापाऱ्याचे आदर्श गिऱ्हाईक! कपडा फाटला नाही तरी मूल त्यातून बाहेर वाढतेच. १९३४ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी विजार निघाली.

दुसरा मार्ग मात्र कंपनीला तिच्या गिऱ्हाइकांनीच दाखविला. १९३० नंतर गुराख्यांचे चित्रपट लोकप्रिय झाले. पूर्वेकडील शहरांतील सुखवस्तू कुटुंबे सुट्टी घालविण्यासाठी पश्चिमेतील गुरांच्या वाड्यांवर जाऊ लागली आणि परतताना या विजारी आठवण म्हणून घेऊन येऊ लागली. कंपनीने हे पाहिले आणि गुराखी हाच आपल्या जाहिरातीचा नायक केला. तेव्हापासून विजारीबरोबर एक स्वप्नही विकले जाऊ लागले. बदल बारीकसारीक गोष्टींतही दिसतो. १९३७ मध्ये मागील खिशांवरची रिव्हेटे कापडाखाली झाकली गेली, कारण ती घोड्याच्या खोगिराला आणि घरच्या खुर्च्यांना ओरखडे काढीत. लाकूडतोड्याच्या विजारीला खुर्चीची काळजी करण्याचे कारण नव्हते. ती वेळ आली, याचाच अर्थ विजार दिवाणखान्यात पोचली होती.

महायुद्धानंतर ती तरुणांकडे गेली. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो हीच विजार घालून मोटारसायकलवर बसला, आणि अनेक शाळांनी डेनिमला बंदी केली. बंदीने खप कमी होतो, असा अनुभव कोणत्याही पिढीत नाही. १९६० च्या सुमारास कंपनीने ‘कमरेचे ओव्हरऑल’ हे जुने नाव टाकून ‘जीन्स’ हे तरुणांचे नाव स्वीकारले. १९८५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवर एक जाहिरात झळकली. तीत एक देखणा तरुण धुलाईच्या दुकानात येतो, सर्वांदेखत विजार उतरवून यंत्रात टाकतो आणि स्वस्थ वाचीत बसतो. खप भराभर वाढला. पण त्या जाहिरातीत रिव्हेट नाही, हमी नाही, टिकाऊपणाबद्दल एक अक्षरही नाही.

कारहार्टची वेगळी वाट

सर्वच कंपन्या याच रस्त्याने गेल्या असे मात्र नाही. १८८९ साली हॅमिल्टन कारहार्ट याने डेट्रॉइट शहरात पाच कामगार, दोन शिवणयंत्रे आणि अर्ध्या अश्वशक्तीची विजेची मोटार एवढ्यावर कारखाना सुरू केला. आरंभी त्याला यश आले नाही. तेव्हा तो रेल्वेच्या कामगारांना भेटला, त्यांना काय हवे ते त्याने त्यांनाच विचारले आणि त्याप्रमाणे छातीवर पट्टी असलेला ओव्हरऑल शिवला. प्रामाणिक डॉलरला प्रामाणिक मोल, हे त्याचे बोधवाक्य होते. कामगार संघटनेने केलेला माल अशी खूण तो आपल्या कपड्यांवर मिरवीत असे. ज्या मजुराला कपडा विकावयाचा, त्याच्या संघटनेची मुद्रा कपड्यावर असावी, हा विचार मार्मिक खरा. रेल्वेमागून रेल्वे वाढली तसा कारहार्टही वाढला. पुढे महामंदीच्या काळात व्यवसाय आकसला आणि १९३७ मध्ये संस्थापक मोटार अपघातात वारला. परंतु कंपनी कुटुंबाच्या हाती टिकून राहिली.

कारहार्टने तपकिरी डक कापड आणि तिहेरी टीप सोडली नाही. १९७० नंतरच्या दशकात अलास्कात तेलाची नळवाहिनी घातली गेली, तेव्हा त्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत काम करणाऱ्यांच्या अंगावर हेच कपडे होते. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॅप गायकांनी ते अंगावर चढविले आणि कारहार्टच्याही दारी फॅशन आली. परंतु येथे एक शहाणपण दिसते. शहरी तरुणांसाठी युरोपात १९९४ पासून ‘वर्क इन प्रोग्रेस’ ही वेगळी शाखा निघाली. कामगारांचा कपडा कामगारांसाठीच राहिला. दोन गिऱ्हाइके, दोन दुकाने.

टिकाऊपणाचा उलटा प्रवास

लेव्ही स्ट्रॉसची उलाढाल १९९६ मध्ये सुमारे ७१० कोटी डॉलरवर पोचली आणि तेथून घसरू लागली. २००३ पर्यंत ती ४१० कोटींच्या आसपास आली. फॅशन बदलली, स्वस्त माल आला, कर्जाचे ओझे होतेच. जे स्वप्नावर वाढते ते स्वप्न बदलले की कोसळते. लाकूडतोड्याची गरज अशी दर मोसमाला बदलत नाही. कंपनीने अमेरिकेतील कारखाने एकामागून एक बंद केले आणि २००४ च्या आरंभी टेक्सासमधील सॅन अँटोनियोचा शेवटचा कारखानाही मिटला. शिवणकाम स्वस्त मजुरीच्या देशांत गेले. कोन गिरण्यांची ग्रीन्सबरो येथील प्रसिद्ध गिरणी २०१७ च्या अखेरीस थांबली.

परंतु याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. पांढुरके गुडघे आणि विटलेल्या मांड्या ही पूर्वी वर्षानुवर्षांच्या कष्टांची मिळकत होती. शहरी गिऱ्हाइकाला ते रूप हवे होते, कष्ट नको होते. म्हणून जगभरच्या अनेक कंपन्यांच्या नव्या कोऱ्या विजारी कारखान्यातच झिजवल्या जाऊ लागल्या. त्यासाठी एक रीत म्हणजे दाबाखालच्या हवेने वाळूचा झोत कापडावर सोडणे. तुर्कस्तानात लहान, कोंदट कारखान्यांमधून तरुण मुले हे काम करीत. वाळूची बारीक धूळ त्यांच्या फुफ्फुसांत जाऊन बसली आणि खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस हा असाध्य रोग त्यांना जडला; कित्येक दगावले. तेथील डॉक्टरांनी हे उघडकीस आणले आणि २००९ मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली. २०१० मध्ये लेव्ही स्ट्रॉस कंपनीनेही आपल्या मालासाठी ती बंद करीत असल्याचे जाहीर केले.

दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत. एका टोकाला खाणीत राबणाऱ्यासाठी शिवलेली विजार आहे. दुसऱ्या टोकाला तीच विजार राबून झिजल्यासारखी दिसावी म्हणून एका मजुराला खाणीतला रोग होतो आहे. रिव्हेट ठोकली होती ती मजुराचे पैसे वाचावे म्हणून. वाळू मारली गेली ती कोणाचे काय वाचावे म्हणून, याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

म्हणून टिकाऊ मालाचा व्यापार अशक्य आहे, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. दीडशे वर्षांचा इतिहास त्याच्या उलट सांगतो. माल कसा टिकतो हे उघड दाखवावे, खूण अशी असावी की न वाचणाऱ्यालाही कळावी, हमी द्यावी ती पाळावी, आणि ज्याच्यासाठी कपडा शिवला त्याच्याकडे जाऊन त्यालाच विचारावे. एवढ्या साध्या गोष्टींवर या कंपन्या उभ्या राहिल्या. बाजार वाढला तेव्हा गिऱ्हाईक बदलले आणि गिऱ्हाईक बदलले तेव्हा मालाचा हेतू बदलला. आपण दुकानात एखादी विजार हाती घेतो तेव्हा खिशाचे कोपरे ओढून पाहावेत, टीप दुहेरी आहे की एकेरी ते पाहावे, शिवण उलटी करून पाहावी. आणि ती कोणाच्या हातून, कोणत्या छपराखाली तयार झाली, हेही एकदा विचारावे. दुकानदाराला पहिल्या तीन गोष्टी दाखविता येतील. चौथीचे उत्तर मागणारी गिऱ्हाइके वाढली, तरच ते देणारी कंपनीही वाढेल.